पाच जणांनी मिळून एक गाणं लिहिणं : तुमचा बँड कसं करतो?

बेसवाला_डोंबिवली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आमचा पाच जणांचा रॉक बँड आहे, मराठीत गातो. दोन गिटार, ड्रम्स, गायिका आणि बेस गिटारवर मी. आतापर्यंत आमची पद्धत ठरलेली होती, लीड गिटारवाला घरी अख्खं गाणं करून आणायचा, आम्ही आपापले पार्ट बसवायचो, झालं. या वेळी पहिल्यांदाच पाचही जणांनी खोलीत बसून एक गाणं शून्यापासून उभं केलं आणि त्याला पाच महिने लागले. भांडणं झाली, दोन आठवडे एकजण बोलत नव्हता, पण जे तयार झालंय ते आमच्यातल्या कुणा एकाला जन्मात सुचलं नसतं याची मला खात्री आहे. म्हणून कसं झालं ते लिहितो आणि मग विचारतो.

मालाडला एका बेसमेंटमध्ये आम्ही तासावर जॅमरूम (सरावाची खोली) घेतो, शनिवारी ४ ते ७. त्या दिवशी ड्रमर लोकलमध्ये अडकला होता, तो येईपर्यंत मी अँप चेक करत होतो. बेसच्या ई तारेवर खालच्या फ्रेटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत बोट न उचलता सावकाश सरकवत गेलो आणि वर पोचल्यावर स्वर धरून ठेवला. बाकी डोक्यात काहीच नव्हतं. आमची गायिका कोपऱ्यात वडापाव खात बसली होती, ती एकदम म्हणाली, "परत कर. हा भोंगा आहे."

ती लालबागची. आजी अजून तिथेच चाळीत राहते, आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, ती तारीख त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आजी सांगते की पहिल्या भोंग्याच्या आधीच तिचा स्टोव्ह पेटलेला असायचा, भोंगा झाला की डबा भरायचा. आणि संप झाल्यावर, गिरणी बंद पडल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं ती त्याच वेळेला उठून बसायची. हे सगळं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, चार वर्षं एकत्र वाजवतोय तरी. ड्रमर आला तेव्हा कुणीच वाजवत नव्हतं, सगळे ऐकत बसले होते.

मग वाजवायला लागलो. आमचा एकच नियम, फोनचं रेकॉर्डिंग चालूच ठेवायचं, कुणी कितीही भिकार वाजवलं तरी पुसायचं नाही. पहिल्या महिन्यात अशा सव्वीस क्लिपा जमल्या. मी त्या डोंबिवली ते दादर रोज ऐकायचो आणि वहीत लिहायचो, अमुक क्लिप, बारावं मिनिट, इथे काहीतरी आहे. त्यातलं नव्वद टक्के फेकलं.

लीडवाल्याने सहा कॉर्डची एक फार देखणी रचना आणली होती. आमचा रिदम गिटारवाला फार बोलत नाही, त्याने तिसऱ्या आठवड्यात सहातल्या दोनच कॉर्ड ठेवून वाजवल्या, ई मायनर आणि सी, ई मायनर आणि सी, बस. बाकीच्या चार गेल्या तशी गायिकेच्या आवाजाला जागा झाली. तोपर्यंत ती नुसतं आ-ओ करत होती, तिथे तिच्या तोंडून शब्द यायला लागले.

शब्दांचं एक उदाहरण देतो, मला स्वतःला यातून फार शिकायला मिळालं. मुखड्याची ओळ आधी अशी होती :

भोंगा वाजला, घर जागं

वाचायला छान. पण शेवटचा स्वर चार मात्रा वर धरायचा होता आणि "जागं" मधला "अं" वरच्या पट्टीत धरला की तोंड मिटल्यासारखं वाटायचं, आवाज बाहेरच पडेना. दोन शनिवार आम्ही पट्टी बदलून बघितली. मग ड्रमर म्हणाला (तो एरवी शब्दांत पडत नाही) की ओळ उलटी का करत नाही :

घर जागं, वाजला भोंगा

"भोंगा" मध्ये ओ आणि आ, दोन्ही उघडे, घे किती लांबवायचंय ते. आणि तो लांबलेला "गा" माझ्या बेसच्या त्या सरकत्या स्वरावरच जाऊन बसतो. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. अंगावर काटा आला होता.

मुखड्याची शेवटची ओळ "आता गजर वाजतो फक्त". इथे उलटी गोष्ट झाली. "फक्त" लांबवताच येत नाही, क आणि त एकमेकांवर आपटून संपतो. गायिका म्हणाली शब्द बदलू. ड्रमर म्हणाला बदलू नको, आपणच तिथे थांबू. आता "फक्त" वर स्नेअरचा एक फटका आणि सगळं बंद, अख्खा एक बार, म्हणजे चार मात्रा, शांतता. त्या बारमध्ये जॅमरूमच्या एसीचा आवाज ऐकू येतो.

तिसऱ्या अंतऱ्यात "संप झाला तरी आजी उठायची" अशी ओळ आहे. बाकीच्या ओळी नऊ-दहा अक्षरांच्या, ही बारा. कापून बघितली, "तरी" काढलं तर अर्थच गेला, "आजी" काढली तर जीव गेला. तीन आठवडे झगडल्यावर ड्रमरने त्या ओळीपुरत्या दोन मात्रा वाढवल्या. चार-चार-चार आणि मग सहा. ती ओळ आता किंचित रेंगाळते, कुणी अंधारात उठून बसावं तशी.

आता प्रश्न.

एक, लीडवाल्याचा सोलो होता, बत्तीस बारचा, त्याने महिनाभर घरी घासला होता. चौघांना वाटलं की गाण्यात तो बसत नाही. आम्ही मत घेतलं आणि काढला. तो दुखावला, मी वर लिहिलं ते दोन आठवडे तेच. असं कापायची वेळ आली की तुम्ही काय करता?

दोन, गाणं कुणाच्या नावावर लावायचं? शब्द बहुतेक तिचे, पण ओळ उलटी केली ड्रमरने. चाल तिची की रिदमवाल्याची? मी तर एक आवाज काढला फक्त.

तीन, तुमच्याकडे आधी काय येतं, शब्द, चाल की ठेका?

---

निळी_छत्री

काय सुंदर लिहिलंय दादा!! आम्ही ठाण्यात कॉलेजचे चार जण नुकतेच सुरू झालोय, अजून कव्हरच वाजवतो. स्वतःचं करायला बसलो की पहिल्या वीस मिनिटांत सगळे आपापला फोन बघायला लागतात. हे वाचून कळलं की आम्ही थांबतच नाही कुठे, लगेच ड्रम चालू करतो. गाणं कुठे ऐकायला मिळेल?

---

तीनताल

मी तबलावाला, दोन फ्यूजन बँडांबरोबर वाजवलंय. वाढवलेल्या त्या दोन मात्रांबद्दल लिहायचंय.

आपल्याकडे ओळीची लांबी सारखी नसणं नवीन नाही. मोठा अभंग बघा, सहा-सहा-सहा-चार अक्षरं. शेवटचा चरण आखूड, आणि म्हणूनच तिथे आवाज लांबवायला, टाळ घुमायला जागा मिळते. ओवी साडेतीन चरणांची. जात्यावर बसलेल्या बाईने अक्षरं मोजली नसतील, जातं फिरायच्या वेळात ओळ बसली पाहिजे एवढंच. तुमच्या ड्रमरने तेच केलंय, त्याला माझा नमस्कार सांगा.

एक सुचवतो. वाद्यं सगळी खाली ठेवा, पाचही जण गोल बसा आणि नुसती टाळी देत गाणं म्हणा, गायिकेबरोबर सगळ्यांनी, आवाज असो नसो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते शरीराला कळतं. ज्या ओळीला पाचातले तीन जण अडखळतील ती ओळ अजून झाली नाही असं समजायचं. अँप चालू असताना हे लपून जातं.

दुसरं, मराठीत बोलताना शेवटचा अ आपण गिळतो पण गाताना तो परत येतो. बोलताना "घर" एका झटक्यात होतं, गाताना र सुटा होतो आणि एक मात्रा मागतो. कागदावर ओळ बसते आणि गाताना सांडते ती बरेचदा यामुळे. तुमची "घर जागं" म्हणताना "घर" एका मात्रेत आहे की दोन?

---

बेसवाला_डोंबिवली

@तीनताल, दोन! आणि आधी एक होती, म्हणून ती घाईत वाटायची हे आत्ता तुमच्यामुळे कळलं, तिने ते कधी आपोआप बदललं हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. टाळीचा प्रयोग या शनिवारी करतो.

@निळी_छत्री, अजून रेकॉर्ड नाही केलं, फोनवरच्या क्लिपाच आहेत. झालं की इथेच टाकेन.

---

शब्दांची_वही

धागा आवडला तरी थोडी असहमत आहे.

मी गाणी लिहिते. माझा अनुभव असा की पाच जण मिळून चाल करू शकतात, ठेका करू शकतात, पण शब्द एकाच माणसाने लिहावेत. खोलीत बसून जे शब्द येतात ते त्या खोलीत बरे वाटतात, आवाजच एवढा असतो की काहीही भारी वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर वाचा मग कळतं. आपल्या भावगीतांमध्ये बहुतेक वेळा कविता आधी होती, चाल नंतर लागली, आणि म्हणून ती नुसती वाचली तरी टिकतात. सिनेमात उलटं, चाल आधी आणि मग तिच्या मापाचे शब्द. त्यातही मोठी कामं झाली आहेत हे मान्य, पण ते करणारे लोक त्या कसबात मुरलेले होते.

आणखी एक धोका सांगते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे जॅम करताना सगळ्या ओळी होतो-येतो-जातो नाहीतर होते-येते-जाते वर संपायला लागतात. यमक फुकट मिळतं आणि गाणं सपाट होतं. तुमच्या दोन्ही ओळी क्रियापदावर संपत नाहीत, "भोंगा" आणि "फक्त", म्हणून त्या लक्षात राहतात. तिसऱ्या अंतऱ्यातली "उठायची" मात्र तपासा, तिच्या आधीची ओळ जर "पेटवायची", "भरायची" अशी काही असेल तर दोन्हीतली एक बदला. आजीची ओळ एकटी पडू दे.

उघड्या स्वरांबद्दल तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के. ळ वर तर कधीच लांब स्वर ठेवू नये, जीभ मागे वळून फटकन पुढे येते, धरायला काही उरत नाही. चाळ, वेळ, सकाळ सगळे गिरणगावाचे शब्द ळ वर संपणारे, तेव्हा सांभाळा.

---

डफ_ते_ड्रम

शब्दांची_वही ताई, आदर ठेवून सांगतो, ड्रमरने ओळ उलटी केली हेच तर खोलीत झालं ना. एकटीने घरी लिहिलं असतं तर ती ओळ कागदावर "जागं" वरच राहिली असती कारण कागदावर ती चांगलीच होती, बिघाड गळ्यात गेल्यावर कळला.

मी स्वतः ड्रमर आहे. लोकांना वाटतं ड्रमर गाणं "लिहीत" नाही. ठेका बदला, तेच शब्द तीच चाल, आणि गाणं दुसरंच होतं. आमचं एक गाणं साध्या चार-चारच्या बीटवर तीन महिने पडून होतं, मी एकदा कोळीगीतांसारखा सहाचा झुलता ठेका लावला आणि एका संध्याकाळी पूर्ण झालं.

सोलोच्या प्रश्नावर. मत घेऊ नका. मनापासून सांगतोय, बँडमध्ये हात वर करून मतदान हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, चार विरुद्ध एक झालं की तो एक माणूस गाण्याच्या बाहेर जातो. आमचा नियम असा, तोंडी वाद घालायचाच नाही. ज्याला काही बदलायचंय त्याने वाजवून दाखवायचं आणि बाकीच्यांनी ते पूर्ण मनाने, चांगलं व्हावं म्हणून वाजवायचं. दोन्ही रूपं रेकॉर्ड करायची आणि आठवडाभर कुणी काही बोलायचं नाही. पुढच्या शनिवारी ऐकायचं. दहापैकी आठ वेळा ज्याचं आहे तोच म्हणतो की काढा.

---

मध्य_रेल्वे_लीड

+१ डफ_ते_ड्रम.

माझाही सोलो कापला गेलाय म्हणून लिहितो. ज्याने महिनाभर घासलंय त्याला "गाण्यात बसत नाही" एवढंच ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात "तू बसत नाहीस" असा होतो. मी गिटार घेऊन लगेजच्या डब्यात उभा होतो, कुर्ला ते कल्याण, आणि मनात बँड सोडला होता. मग आमच्या गायकाचा रात्री फोन आला, म्हणाला त्या सोलोमधल्या नवव्या बारमध्ये एक चार सुरांची फ्रेज आहे, ती मला मुखड्याच्या आधी हवी आहे, मी ती गुणगुणतोय सारखा. आज त्या गाण्याची सुरुवात त्या चार सुरांनी होते आणि लोक तेच ऐकून ओरडतात.

तेव्हा बेसवाला, तुमच्या मित्राचा सोलो परत ऐका. बत्तीस बार नको असतील पण त्यात चार बार नक्की असतील. आणि हे त्याला तुम्ही सांगा, चौघांनी मिळून नाही.

---

रंगभवन८९

तुम्हा पोरांचं वाचून फार बरं वाटलं. माझं वय आता साठीकडे आलं.

आम्ही वाजवायचो तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनला रॉकचे कार्यक्रम व्हायचे, उघड्यावर. आता तो भाग शांतता क्षेत्रात, तो आवाज तिथे परत होणं नाही. त्या काळात लोकांना कव्हर हवी असायची, परदेशी बँडचं गाणं हुबेहूब वाजवलं की टाळ्या. स्वतःचं गाणं म्हटलं की खालून ओरडा सुरू. मुंबईच्याच रॉक मशीन या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला तेव्हा आम्हाला धीर आला. पुढे १९९३ मध्ये त्यांनीच नाव बदलून इंडस क्रीड केलं.

आमच्याकडे फोन नव्हते पण टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) होता. खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवायचा आणि लाल बटण दाबायचं. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत थांबायचं नाही असा दंडक होता, ४५ मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं आपण आपल्याला येत असलेलंच वाजवतो, ते संपलं की कंटाळा येतो, आणि कंटाळा आल्यावर हात वेगळीकडे जातात. आमची तीन-चार बरी गाणी सगळी कॅसेटच्या शेवटी सापडली. तुमचे फोन थांबत नाहीत त्यामुळे ती बाजू संपायची शिस्त गेली, एवढं एक वाटतं.

मोठ्या लोकांचंही असंच झालंय. १९९० मध्ये बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत यू-टू वाले दुसऱ्याच एका गाण्यावर अडकले होते, आपसात पटत नव्हतं, बँड राहतो की जातो अशी वेळ. त्या गाण्याच्या मधल्या भागासाठी त्यांच्या गिटारवाल्या एजने दोन वेगवेगळ्या कॉर्डमाळा काढल्या, कुणीतरी म्हणालं या दोन्ही एकापाठोपाठ वाजव, त्यावर सगळे वाजवायला लागले आणि तिथल्या तिथे "वन" उभं राहिलं.

आणि शब्दांची_वही, डमी शब्दांना नावं ठेवू नका. बीटल्सच्या मॅकार्टनींना "यस्टरडे" ची चाल आधी सुचली, खरे शब्द येईपर्यंत ते तिथे "स्क्रॅम्बल्ड एग्ज" म्हणत होते. तुमच्या गायिकेचं आ-ओ तेच होतं.

---

शब्दांची_वही

@रंगभवन८९, डमी शब्दांना नाही हो नावं ठेवत, ते डमी आहेत हे विसरून तेच कायम ठेवतात त्याला विरोध आहे. बाकी कॅसेटचा किस्सा मनात राहील.

@डफ_ते_ड्रम, ओळ गळ्यात गेल्यावर बिघाड कळतो हे पटलं. म्हणजे कवीने खोलीत बसलं पाहिजे, लांबून कागद पाठवून चालणार नाही. एवढं मी मान्य करते.

---

हिशोबनीस

प्रश्न दोनवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गाण्यांच्या हक्कांच्या कामात मी बरीच वर्षं आहे. हे वाचायला रुक्ष वाटेल पण बँड फुटतात ते इथे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे कर्ते. रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्याचे कलाकार म्हणून हक्क आणखी वेगळे. आणि जिथे कुणाचं काय हे वेगळं काढताच येत नाही ती संयुक्त कृती. अशा कृतीचा कॉपीराइट शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपन्यांना पूर्वीसारखा सहज लिहून घेता येत नाही. पण कायदा तुमचा वाटा किती ते सांगत नाही, ते तुम्हीच ठरवायचं. एक कागद, गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे किती टक्के, संगीत कुणाचं किती टक्के, पाच सह्या. पुढे आयपीआरएसला (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंद करताना हेच आकडे लागतात.

जगात दोन्ही तऱ्हा आहेत. आर.ई.एम. ने गाणी कायम सगळ्या बँडच्या नावावर ठेवली. क्वीनमध्ये आधी ज्याने लिहिलं त्याचं नाव लागायचं, १९८९ च्या अल्बमवर सगळी गाणी "क्वीन" या नावावर, आणि त्यानंतर कुणाचं गाणं आधी घ्यायचं ही ओढाताण कमी झाली असं त्यांनीच सांगितलंय. उलट बाजूला प्रोकोल हारम हा ब्रिटिश बँड. १९६७ चं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ज्याच्यावर ते ओळखलं जातं तो ऑर्गन वाजवणाऱ्याचं नाव कर्त्यांमध्ये नव्हतं. तो कोर्टात गेला, संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा ठरला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये शेवटचा निकाल लागला २००९ मध्ये. बेचाळीस वर्षं!

"मी तर एक आवाज काढला फक्त" असं तुम्ही लिहिलंय. दादा, तो ऑर्गनवालाही कदाचित तसंच म्हणत असेल १९६७ मध्ये. तुमच्या गाण्यात तो बेसचा सरकता स्वर काढला तर काय उरतं ते बघा.

माझा सल्ला, संगीत पाच समान भाग. शब्द गायिकेचे, ड्रमरचा लहानसा वाटा, तिला मान्य असेल तर. आणि हे गाणं कुणी ऐकायच्या आधी करा, पैसा दिसायला लागला की प्रत्येकाला आपलं जास्त आठवतं. माझ्या एका मित्राच्या बँडचं गाणं जाहिरातीत गेलं, कागद नव्हता, आज ते तिघे एकमेकांच्या लग्नालाही गेले नाहीत.

---

निळी_छत्री

हिशोबनीस काका, हे कॉलेजमध्ये कुणी सांगत नाही. आम्ही अजून एकही गाणं केलं नाहीये पण "सगळं चौघांचं" असं काल वहीत लिहून सह्या केल्या. 😊

---

बेसवाला_डोंबिवली

उशिराने लिहितोय, दोन शनिवार गेले मध्ये. सगळ्यांना एकेक करून.

टाळीचा प्रयोग केला. गाणं पाच वेळा म्हटलं, आणि तीनताल म्हणाले तसंच, एका ओळीला चौघे अडखळलो, दुसऱ्या अंतऱ्यातली, आम्हाला ती चांगली वाटत होती. ती आता नाहीये. शब्दांची_वही, तुमचा अंदाज बरोबर होता, आजीच्या ओळीच्या आधी "स्टोव्ह पेटवायची" होतं. आता तिथे नुसतं "रॉकेलचा वास" आहे.

सोलो. मी एकटाच त्याच्या घरी गेलो, मुलुंडला. क्लिप लावली आणि दोघांनी शांतपणे ऐकली, त्यानेच विसाव्या बारला थांबवलं आणि म्हणाला हे एवढंच खरं आहे, बाकी मी हात दाखवत होतो. ते चार बार आता "फक्त" नंतरच्या शांततेतून हळूच बाहेर येतात. एकट्या गिटारवर, ड्रम्स नाहीत. तो परत आलाय, आणि खरं सांगतो, गाण्यातली माझी आवडती जागा आता ती आहे.

कागदावर सह्या झाल्या. संगीत पाच समान. शब्द तिचे, आणि ड्रमरला वीस टक्के, तिनेच आकडा सांगितला. ड्रमर काही बोलला नाही, चहा आणायला गेला.

आणि मग आम्ही लालबागला गेलो, आजीला ऐकवायला. फोनला छोटा स्पीकर लावला, पाचही जण एका दहा बाय बाराच्या खोलीत, दोघे दारात उभे. आजी पूर्ण गाणं डोळे मिटून बसली. संपल्यावर म्हणाली, "पोरीचा आवाज चांगला लागलाय. पण भोंगा असा नव्हता." आम्ही विचारलं कसा होता. म्हणाली हा फार वर आहे, बारीक. आमचा खालून यायचा, जाड, पोटात वाजायचा. आणि एक नसायचाच. आधी आमच्या गिरणीचा, तो संपतोय तोवर पलीकडच्या गिरणीचा, मग लांबून आणखी एक. तिने तोंडाने करून दाखवला. मी रेकॉर्डिंग चालू केलेलं होतं, सवयीने.

परत येताना करी रोड स्टेशनच्या पुलावर उभं राहून ती सात सेकंदांची क्लिप आम्ही दहा वेळा ऐकली असेल. लीडवाला म्हणाला तीन भोंगे म्हणजे आपल्याकडे तीन तारवाले आहेतच. बेसची ई तार डी पर्यंत उतरवायची, सरकत वर जायचं पण वर जाऊन थांबायचं नाही, बाराव्याऐवजी पाचव्या फ्रेटलाच धरायचं. मी संपत आलो की रिदम गिटार, मग लीड, अगदी लांबून, व्हॉल्यूम पेडलवर. गायिकेची पट्टीही त्यामुळे एक सूर खाली आणावी लागेल, म्हणजे "भोंगा" चा तो लांब स्वर परत बसवायला आला.

हिशोबनीस, एक विचारायचं राहिलं, आजीचं नाव त्या कागदावर घालता येतं का? गायिका म्हणते घालायचंच.

या शनिवारी ४ ते ७ आहे रूम. तार आत्ताच उतरवून ठेवली आहे.